सात फूट लांबलेला तलाव

विलो क्रीकमधल्या निम्म्या गावाला पोहायला शिकवलं ते लुबा केरेलुकने. गावचा उघडा तलाव पंचवीस यार्डांचा. तरुणपणी तिने तिथे शंभर यार्ड बासष्ट सेकंदांत कापले होते. कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या विक्रमांच्या फळीवर तिचं नाव तेव्हापासून सगळ्यात वर होतं.

सास्काचेवान प्रांतात बर्फ वितळू लागलं तेव्हा रस हाल्व्हरसन नावाचा नवा प्रशिक्षक रेजायना शहरातून आला. गावच्या सभेत तो म्हणाला, "तलाव पंचवीस मीटरचा करायला हवा. शर्यती आता सगळीकडे मीटरच्या असतात. इथे नोंदवलेली वेळ बाहेर कोणी धरत नाही."

"रेडिओवर थंडी आता सेल्सिअसमध्ये सांगतात, पण स्वेटर घालायचा की कोट, ते कळत नाही," दूध डेअरीवाला ओरेस्ट म्हणाला. "रस्त्यावरच्या पाट्या मैलांच्या किलोमीटरच्या केल्या. आता पाणीही बदलणार का?"

"पाणी तेच राहील. भिंत सात फूट मागे जाईल."

"बघा, याला फुटात बरोबर सांगता येतं," ओरेस्ट म्हणाला, आणि सभा हसली.

लुबाने तलाव वाढवण्याच्या बाजूने हात वर केला. मीटरशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. पण तिने शिकवलेल्या पोरी शहरातल्या शर्यतीला जायच्या, तेव्हा प्रत्येक फेरीत शेवटच्या सात फुटांत त्यांचा दम तुटायचा आणि त्या रडवेल्या होऊन परत यायच्या. ते तिने बरीच वर्षं पाहिलं होतं.

काम सुरू झालं तसा रस फळीपाशी येऊन उभा राहिला. "मिसेस केरेलुक, तुमची वेळ मीटरमध्ये बदलून लिहू का? हिशोबाने एकोणसत्तर सेकंद होतात."

"एकोणसत्तर सेकंदांत मी काय केलं?"

"शंभर मीटर पोहलात. म्हणजे, पोहला असता."

"मग नको. जे अंतर मी पोहले नाही, ते माझ्या नावावर घालू नकोस. फळी काढून ठेव."

त्याने फळी काढली. लुबा नवरा मायरनबरोबर घरी गेली.

जूनमध्ये तलाव उघडला. पहिली उडी तिचीच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. ती पोहू लागली. भिंत कुठे येते हे ती कधी बघत नसे. अंगालाच ते माहीत होतं. नेहमीच्या जागी तिने डोकं खाली घातलं, कोलांटी घेतली आणि भिंतीला रेटायला पाय मारले. पायांना लागलं ते नुसतं पाणी. नाकातोंडात पाणी गेलं आणि ती खोकत वर आली, तोंड भलतीकडेच.

काठावर हशा पिकला. सगळ्यात मोठा आवाज मायरनचा. "अगं, भिंत हुकली का?"

"मी नेहमीच्या जागीच वळले. भिंत तुम्ही हलवलीत," ती म्हणाली आणि उरलेलं अंतर डोकं वर ठेवून पोहली. राग आला नाही तिला. बेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्याच तलावात नवखं वाटावं, याचं फक्त नवल वाटलं.

मग ती रोज सकाळी शिकवणीआधी येऊ लागली. आता भिंत शोधण्यात तिचा वेग जायचा.

"तळाची काळी रेघ बघा," रस म्हणाला. "ती जिथे आडवी होते, तिथून दोन हात मारायचे आणि वळायचं."

"खाली बघून मी कधी पोहले नाही."

"मग डोकं आपटेल."

एकदा ते आपटलंही. त्यानंतर ती खाली बघू लागली.

ऑगस्टमध्ये गावात पहिली मीटरची शर्यत झाली. लुबाने नाव दिलं, आणि पोरींच्या रांगेत ती एकटीच पिकल्या केसांची उभी राहिली. तिन्ही वळणं तिने नीट घेतली. पाचांत ती चौथी आली. पहिली आली डार्लीन, तिचीच विद्यार्थिनी, आणि तिची वेळ प्रांताच्या यादीत धरली गेली. डार्लीन पाण्यातूनच दोरीवर रेलून ओरडली, "बाई, मला दम लागला नाही!"

"दिसलं मला. मागूनच येत होते मी."

लुबा शिडीवरून वर आली, टॉवेल गुंडाळून बाकावर बसली. रस शेजारी येऊन बसला.

"लहान पोरांना वळण यापुढे तुम्हीच शिकवा. मला सांगता येत नाही ते नीट. उद्यापासून?"

"उद्या रविवार आहे," लुबा म्हणाली. "सोमवारपासून."