पहिलं औक्षण

रविराजला पक्षाची उमेदवारी मिळाल्याचं आमच्या ह्यांनी मी चहा गाळत असताना सांगितलं. प्रचारफेरी ताथवड्यात आपल्याच दारातून निघणार आणि पहिलं औक्षण तू करायचंस, हेही लगोलग सांगून टाकलं. मी गाळणं ओट्यावर आपटलं.

"त्या दारूवाल्याला मी ओवाळू?"

"पक्षाचा निर्णय आहे, पद्मा."

हे वाक्य ऐकण्यात माझा जन्म गेला. चाकणच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून हे यायचे आणि जेवण अर्धं टाकून बैठकीला पळायचे. बैठक आमच्याकडे असली की सतरंजी घालायची, प्रत्येकाने आपापला डबा आणायचा, हार-तुरे नाहीत. राहणी साधी, घरात संस्कार, व्यसन नाही. एका चांगल्या कार्यकर्त्याने वरातीत घोटभर घेतली, तर ह्यांनीच त्याचं पद काढायला लावलं होतं. मला तो अतिरेक वाटला होता. पण अभिमानही वाटला होता, नाही कशाला म्हणू?

शाळेच्या वाटेवरचं रविराजचं देशी दारूचं दुकान आम्ही बायकांनी मतदान करून बंद पाडलं, तेही ह्याच पक्षाच्या जोरावर. आडव्या बाटलीवर शिक्का मारा, म्हणून मी दारोदार फिरले आणि हे माझ्यासोबत फिरले. पुढच्याच आठवड्यात रविराजने ह्यांना कंपनीच्या बसमधून उतरताना गाठलं आणि कानाखाली अशी वाजवली की डाव्या कानाने ऐकू येणं संपलं. तेव्हा पक्षाने मोर्चा काढला होता. आता त्याच पक्षाने त्याच्या गळ्यात उपरणं घातलं, त्याच्या सगळ्या गोतावळ्यासकट.

"तो माफी मागणार आहे," हे हळूच म्हणाले. "रणजीतने शब्द दिलाय. म्हणून तर आपल्या दारापासून सुरुवात."

रणजीत म्हणजे आमचा शहराध्यक्ष, शब्द वाटत फिरणारा माणूस. माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण त्या माफीशिवाय ह्यांना पक्षात राहता येणार नव्हतं, आणि पक्षाबाहेर ह्यांना जग नव्हतं.

"आधी माफी मागू दे, मग ओवाळते," मी म्हटलं.

फेरीच्या सकाळी ह्यांनी सदऱ्याला स्वतः इस्त्री केली. ताम्हणात कुंकू, अक्षता, सुपारी ह्यांनीच मांडली. मला त्यांचा राग येत होता आणि तितकीच कीवही.

ताशा वाजवत गर्दी आमच्या इमारतीखाली आली. रविराज, रणजीत आणि मोबाइल उंच धरलेली दहा-बारा पोरं वर आली. मी दारात ताम्हण घेऊन उभी. हे पुढे झाले आणि हात जोडून थांबले. रविराजने वाकून ह्यांच्या पायांना हात लावला, मग चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"काका, तुमचा पक्षात प्रवेश कवा झाला? आमच्या संगंच का?"

आधी मला वाटलं, हा मुद्दाम बोलतोय. पण नाही. आपण कोणाच्या कानाखाली मारली, हे त्याला खरंच आठवत नव्हतं.

रणजीत हसला. "भाऊ, हे आपले जुने आहेत. फार जुने."

"आसं व्हय? बरं, बरं." रविराजने टिळ्यासाठी मान पुढे केली. पोरांनी मोबाइल सरसावले. माझा अंगठा कुंकवात तसाच राहिला.

"थांब, पद्मा." ह्यांनी माझ्या हातातून ताम्हण घेतलं. "माफ करा. आमच्याकडे सुतक आहे."

रविराज झटक्यात उंबऱ्याबाहेर सरला. निवडणुकीच्या दिवसांत सुतकाच्या घरचा टिळा कोण लावून घेईल? "आधी सांगायचं ना, गुरुदत्तकाका," असं पुटपुटत रणजीतने सगळ्यांना जिन्याकडे वळवलं. दोन मिनिटांत ताशा पुढच्या इमारतीखाली वाजू लागला.

मी दार लावलं. हा माणूस उभ्या आयुष्यात खोटं बोलला नव्हता. त्या पक्षाने ह्यांना तेही करायला लावलं, म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुसरं काही सांगायचं होतं. भलतंसलतं कशाला बोललात?" मी म्हटलं.

ह्यांनी ताम्हण देवासमोर ठेवलं, गळ्यातलं पक्षाचं उपरणं खुर्चीवर टाकलं आणि बाथरूममध्ये गेले. गीझरचं बटण लागलं नाही. कोणी गेल्याचं कळल्यावर करतात तशी, इस्त्रीच्या सदऱ्यासकट ह्यांनी गार पाण्याने आंघोळ केली. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी होते. पाणी बंद झाल्यावरही हे बराच वेळ बाहेर आले नाहीत.