लेकीने दिलेला आकडा

बायको गेली आणि मी कामावर जाणं सोडलं. काम नळदुरुस्तीचं. लेक आपलं लहान मूल सासूकडे ठेवून माझ्यापाशी येऊन राहिली. तिने आपल्या घरी परत जावं असं मला वाटे, पण मला असं टाकून ती जाईना. शेवटी ती मला दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी विचारलं, "शून्य म्हणजे काहीच जमत नाही, दहा म्हणजे तुमचं तुम्ही निभावता. आज तुम्ही कुठे?"

"आठ," मी ठोकून दिलं. लेक सुटावी म्हणून.

बाई लेकीकडे वळल्या. "तुम्ही किती द्याल?"

"एक! अंघोळीला उठवत नाही आणि म्हणे आठ."

"एक दिलात. शून्य का नाही?"

लेक म्हणाली, "परवा शेजारचे काका आमचा गळका नळ आवळत होते. बाबा पलंगावरून ओरडले, 'अहो, आटे जातील त्याचे!' आणि उठून पाना हिसकावून घेतला. नळ मात्र तसाच."

"कसे उठलात?" बाईंनी मला विचारलं.

"वाकडं काम बघवत नाही."

"बघवत नाही म्हणे!" लेक म्हणाली. "आई म्हणायची, जगाचे नळ नीट आणि घरचा गळका."

बाई म्हणाल्या, "एकाचे दोन झाले, तर तुम्हाला काय दिसेल?"

"हत्यारांची पिशवी उचलून एकटे कामाला गेलेले बाबा," लेक म्हणाली.

पुढचे काही दिवस मी पिशवीकडे नुसता बघत बसलो. मग जुन्या गिऱ्हाईक आजींचा फोन आला, मोरी तुंबली होती. गेलो. जाळी काढून हात घातला, केसांचा गुंता निघाला, पाणी गडगडत खाली गेलं. आजींनी विचारलं, "बायको बरी आहे ना?"

"गेली," मी म्हणालो. माझ्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच निघाला. आजींनी हात धुवायला साबण दिला. मी बराच वेळ हात धूत राहिलो.

घरी लेक दारातच उभी. "किती?"

"तीन."

"आठावरून तीनावर? घसरलात की हो, बाबा!" ती हसली, डोळे पुसले आणि बॅग भरायला घेतली.

निघताना तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "आणि आपला नळ?"

नळाखाली तिच्या आईने ठेवलेलं भांडं तसंच होतं.

"तो चारावर पोचलो की करीन," मी म्हणालो. "तू जा. पोर वाट बघतंय."