घंगाळातली कासुबाई

मी कासवी बोलतेय, लोणंद स्टेशनच्या फलाटावर ठेवलेल्या एका बादलीतून. वर ओलं फडकं बांधलंय, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. माझ्या काळ्या पाठीवर आणि मानेवर पिवळे ठिपके आहेत. त्या ठिपक्यांनीच माझा घात केला बघा. साधी मळकट असते तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

माझा जन्म आसामातल्या एका तळ्यातला. तिथं पाण्यात आडवं पडलेलं एक लाकूड होतं. सकाळी त्यावर चढायचं, पाय ताणून ऊन खायचं, भूक लागली की गोगलगाय फोडायची. सत्तर साली तिकडच्या छावणीतला फौजी, आकाराम हवालदार, तिथं हातपाय धुवायला आला आणि मला उचलून घेऊन गेला. बंदी नव्हती, विचारणारं कुणी नव्हतं. चार दिवस आगगाडीत डचमळत मी याच स्टेशनावर उतरले.

घरी आल्या आल्या त्यानं बायकोला हाक मारली. "राही, बघ काय आनलंय! देवाचं रूप हाय हे. जीवापाड जप."

झालं! राहीबाईनं मला तांब्याच्या घंगाळात घालून थेट देव्हाऱ्यापुढं बसवलं. कासुबाई म्हणून बारसंही उरकलं. देवळातल्या दगडी कासवाचं जे करतात ते सगळं माझ्या वाट्याला आलं. पाठीवर हळद-कुंकू, तेलाचं बोट, पुढ्यात दूधभात. अहो, मी जिवंत आहे, मला ऊन लागतं, हे कुणाच्या डोक्यातच येईना. दुधानं पाणी नासायचं आणि त्याच पाण्यात मी बसायची. घरची मंडळी रविवारी मटणाचा रस्सा ओरपायची, अन् देवाला बाटवायचं नाही म्हणून मला मात्र जन्माचा उपास! रागानं मी फुत्कारले, की राहीबाई हात जोडायची. आता काय बोलावं या बाईला?

एकाहत्तर साली लढाई लागली. आकाराम सरहद्दीवर होता. राहीबाई रेडिओला कान लावून बसायची, तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. एका पहाटे ती माझ्यापुढं येऊन बसली, माझ्या पाठीला बोट लावलं आणि म्हणाली, "कासुबाई, धनी खुशाल हाईत न्हवं?"

कोण ते बघायला मी मान बाहेर काढली. तेवढ्यावर ती पोटभर जेवली.

तेव्हापासून तो नेमच झाला. रोज सकाळी बोट, रोज तोच प्रश्न. मी मान काढली की तिचा दिवस सुखाचा. लढाई संपली, आकाराम धडधाकट रजेवर आला आणि सगळं श्रेय माझ्या पाठीवर पडलं. कुंकवाचा थर आणखी जाड झाला. त्याची बदली पुन्हा आसामातच झाली, आणि माझी नोकरी चालू राहिली.

माझी पाठ मात्र मऊ पडत चालली होती. डोळे सुजून अर्धे मिटले. यंदाच्या उन्हाळ्यात म्हैस बघायला जनावरांचे डॉक्टर चिंतामणराव साताऱ्याहून आले. त्यांनी मला उचललं, अंगठ्यानं पाठ दाबली आणि कपाळाला हात लावला.

"राहीबाई, हे मरतंय. याला ऊन हवं, चढायला दगड हवा, स्वच्छ पाणी आणि गोगलगायी हव्यात. शिवाय आता कायदा आलाय. रानातली जनावरं अशी घरात ठेवता येत नाहीत."

"देवाला घरात ठिवायला सरकारला इचारायचं व्हय?" राहीबाई उसळली.

"देव देव्हाऱ्यात ठेवा. हा जीव आहे. आणि कृष्णेतही सोडू नका, हे इथलं नव्हे."

ती त्यांच्याशी भांडली खरी. पण दुसऱ्या दिवशी घंगाळ अंगणात आलं, त्यात दगड आला. उसाच्या पाटावरून वेचलेल्या गोगलगायी ती डोळे गच्च मिटून ठेचायची आणि आधी माझी, मग देवाची माफी मागायची. मला तिची फार दया आली. पण माझे डोळे काही पुरते उघडले नाहीत.

दिवाळीला आकाराम आला. कायद्याचं ऐकून म्हणाला, "फौजी मानूस मी. जिथनं आनली तिथं नेऊन सोडतो."

"न्हाई!" राहीबाई घंगाळाला मिठी मारून बसली. "ही गेली तर तुमची खबर मला कोन देणार? तुमाला काय झालं तर?"

आठवडाभर तिनं घंगाळाला कुणाला हात लावू दिला नाही. मग एका सकाळी तिनं बोट लावलं आणि मला मान काढवेना. अंगात त्राणच नव्हतं. तिनं पुन्हा बोट लावलं, पुन्हा लावलं. "आवं, ही हलंना! धनी खुशाल न्हाईत..."

आकाराम तिच्या मागंच उभा होता, हातात चहाचा कप घेऊन.

"राही, मागं बघ. मी हितं उभा हाय. मला काय धाड भरलीय? तीच खुशाल न्हाई, येडे."

ती त्याच्याकडं वळली. मग माझ्या पाठीवरचं कुंकू पदरानं पुसता पुसता हमसून हमसून रडली. चार वर्षं मी तिला नवऱ्याची खुशाली सांगत होते. माझी तिनं कधी विचारलीच नव्हती.

चिंतामणरावांनी वनखात्यात चार हेलपाटे घालून परवानगीचा कागद आणला. तो आकारामच्या खिशात आहे. बाबांनो, लांबचा जीव हौसेनं उचलण्याआधी त्याला काय लागतं ते विचारा, आणि ते आपल्याकडं नसेल तर हात मागं घ्या. देव करून पुजलंत तरी उपाशी जीव मरतोच.

गाडी आली. राहीबाई आज नवऱ्यालाही निरोप देतेय आणि मलाही. तिनं फडक्याखालून हात घातला. तेच बोट माझ्या पाठीला लागलं. मी वाट बघत होते, त्याच प्रश्नाची.

"कासुबाई," ती म्हणाली, "तू नीट पोचशील न्हवं?"

सगळं बळ एकवटून मी मान बाहेर काढली. पोचेन की नाही, ते मलाही ठाऊक नाही.