भाईंचं शेवटचं प्रकरण

हरिश्चंद्रभाईंनी मुंबईच्या कॉलेजात तीस वर्षं युरोपचं मध्ययुग शिकवलं आणि १९५८ साली चार ट्रंका पुस्तकं घेऊन ते आचऱ्याला बहिणीकडे आले. विमलाताईंना वाटलं, भाऊ आता तरी दोन शब्द बोलेल. भाऊ टेबलाशी बसला तो बसलाच. प्लेगने ओस पडलेल्या एका फ्रेंच गावावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ चालू होता. ताई मराठी चौथी शिकलेल्या. जेवणाचं ताट ठेवताना त्या कागदांकडे बघत आणि तशाच परत जात. मी शेजारचा शाळामास्तर. मला या विद्वानाचा मनापासून राग यायचा.

ग्रंथाचं शेवटचं प्रकरण अडलं होतं. पळालेल्यांची नातवंडं त्या गावात परत का आली? 'जमिनीसाठी' असं भाईंनी तीनदा लिहून तीनदा खोडलं होतं.

अशात गावपळण आली. रामेश्वराचा कौल झाला की आमचं अख्खं गाव, गुराकोंबड्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहतं. मागे गावात फक्त देव.

"माका काम आसा," भाई म्हणाले. "मी हयच ऱ्हवतंय."

"एक माणूस ऱ्हवलो तरी गावाक दोष लागता," ताई म्हणाल्या. "ऊठ मुकाट."

भाई उठले, पण घाईत कागद घरीच राहिले, आणि वेशीच्या आत आता पाऊल टाकता येईना. झोपडीत बसून करतात काय? तिसऱ्या दिवशी त्यांनी बहिणीला त्या फ्रेंच गावाची सगळी हकिगत सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा.

"मगे ते परत कित्याक इले?" शेवटी त्यांनीच विचारलं.

तांदूळ निवडता निवडता ताई म्हणाल्या, "त्यांचो देव थंय एकटोच ऱ्हवललो ना!"

शेजारच्या झोपडीतून मी ऐकत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, मी मनात म्हटलं.

गाव परतल्यावर आठवड्याभरात त्यांनी प्रकरण संपवलं. पुढच्या वर्षी ते वारले.

त्यांचे एक जुने विद्यार्थी, आता प्राध्यापक झालेले, ग्रंथ छपाईसाठी न्यायला मुंबईहून आले. त्यांनी सगळे कागद नीट बांधले आणि शेवटची अकरा पानं बाजूला काढली.

"ही मराठीत आहेत," ते मला म्हणाले. "याचा इंग्रजी खर्डा असेलच कुठेतरी."

आम्ही चारही ट्रंका उपसल्या. खर्डा नव्हता.

"मग मीच भाषांतर करून घेतो," म्हणत ते पानांकडे वळले. त्याआधीच ताईंनी ती उचलली होती. दारातल्या उजेडाला बसून, ओळीखाली बोट धरून त्या वाचत होत्या.

"ह्यां न्हेव नकात," मान वर न करता त्या म्हणाल्या. "ह्यां त्याने माका लिवलेलां आसा."