बिल्ले कापलेली कोकरं

रंजनी औषधाची बाटली घेऊन गुम्मिडिपूंडीहून परतली तेव्हा तिच्या कोकरांच्या अंगाला गुलाबाच्या शांपूचा वास येत होता. गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळावर हळदकुंकू आणि कान मोकळे. एकाच्याही कानात नंबराचा बिल्ला नव्हता.

त्या दिवशी मट्टू पोंगल होता, गुराढोरांचा सण. शहरातल्या गिंडीच्या ऑफिसात एसीखाली बसणारा तिचा धाकटा भाऊ सुधींद्र आणि त्याची बायको भव्या वर्षातून एकदा एन्नोरपलीकडच्या तिच्या मळ्यावर येत. एरवी अक्का मेंढ्या राखते हे चारचौघांत सांगायला दोघांनाही लाज वाटे. सणाला मात्र त्याच मेंढ्या फोटोत हव्या असत.

"बिल्ले कुठं आहेत?" रंजनीने विचारलं.

"ती पिवळी प्लॅस्टिकं? कापून टाकली, अक्का," भव्या आनंदाने म्हणाली. "फोटोत फार वाईट दिसत होती. आणि पाठीला निळा रंग कोणी फासला होता? तो काढता काढता हात दुखून आले बघा."

कोणी फासला होता! रंजनीनेच, पहाटे उठून. इकडचा हिवाळ्यातला पावसाळा सरला की कोकरांच्या पोटात रक्त पिणारे जंत माजतात. पापणी ओढून पाहिली तर आतून लाल हवी, ती कागदासारखी पांढरी दिसते. मागच्या वर्षी तिने अशी कितीतरी कोकरं हातांनी पुरली होती. म्हणून यंदा ती एकेका कोकराचं वजन करून औषध पाजत होती, पाठीवर निळी खूण करत होती आणि बिल्ल्याचा नंबर वहीत लिहीत होती. निम्मी कोकरं झाली आणि बाटली संपली. सणाची दुकानं बंद, म्हणून ती गुम्मिडिपूंडीच्या दुकानदाराच्या घरी जाऊन हातापाया पडून नवी बाटली घेऊन आली होती. आणि इथे या दोघांनी खूणही पुसली होती आणि नंबरही कापले होते. आता वहीतल्या नंबरांचं काय लोणचं घालायचं?

"अय्यो अक्का, एवढ्याला कां ओरडतेस?" सुधींद्र म्हणाला. "सगळ्यांना परत पाज की."

"परत पाज! हे खोकल्याचं औषध आहे का रे? साधं औषध इथल्या जंतांवर चालत नाही आता. हे आठवडेच्या आठवडे अंगात राहतं. दोनदा गेलं तर कोकराचे डोळे जातात. आणि नाही गेलं तर कोकरू मरतं."

"मज कसं कळणार ते? तू सांगितलंस कां?"

"कुणाच्या कानातलं काही कापायच्या आधी विचारायचं असतं, हेही मीच सांगू? फोटो कुठं काढलेत?"

"तळ्याकाठी," भव्या आता हळू आवाजात म्हणाली. "सकाळी दव होतं. गवत इतकं छान चमकत होतं..."

रंजनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या ओल्या गवतावरच जंतांची पिल्लं चढून बसतात. ऊन चढून गवत सुकल्याशिवाय ती कोकरांना तिकडे फिरकूही देत नसे. यांनी नेमकं तिथेच नेऊन त्यांना पोटभर चारलं होतं. हौस यांची आणि जीव जाणार कोकरांचा!

तिची कोकरं सगळी एका विटकरी रंगाची, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. पण मोठ्या मेंढ्यांनी शिंगावर घेतलं असतं म्हणून त्यांचे बिल्ले शाबूत राहिले होते आणि वहीत प्रत्येक कोकरापुढे आईचा नंबर होता. रंजनीने फाटक उघडलं. कोकरं आपापल्या आईकडे धावली. आयांनी हुंगलं, गुलाबाचा वास आला आणि त्यांनी लाथा घातल्या. स्वतःच्या लेकरांना! कोकरं बिचारी केविलवाणी ओरडत पुन्हा त्याच आईच्या पोटाखाली घुसत होती. भव्याचा चेहरा उतरला. उतरू दे, रंजनीला वाटलं, बरं झालं.

एकेकाची आई पाहून, वहीत बघून तिने राहिलेल्यांना औषध पाजलं. शेवटी एक मेंढी उरली आणि तिच्या दोन जुळ्या लेकी. सकाळी त्यातल्या एकीला पाजलं आणि नेमकी तेव्हाच बाटली संपली होती. दोघींची आई एक, रंग एक, वजन एक आणि पापण्या सारख्याच पांढऱ्याफटक.

तिने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, न पाजलेली आठवडाभर काढणार नाही, तुम्ही ठरवा.

"दोघींना अर्धं अर्धं दे," सुधींद्र म्हणाला.

"अर्ध्याने जंत मरत नाहीत. औषधाला सरावतात फक्त. तुझ्या ऑफिसातली तडजोड नाही ही." असं म्हणून तिने दोघींनाही पुरतं औषध पाजलं. त्यातली एक आपल्या हाताने आंधळी होऊ शकते हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि हे पाप आपल्या हातून करवून घेतलं म्हणून त्या क्षणी तिला भावाचा मनापासून तिटकारा आला.

जुळ्या दोघीही जगल्या. तीन आठवड्यांनी एका रविवारी तिने सुधींद्रला बोलावून घेतलं. अक्काचा राग गेला असं समजून तो मिठाईचा पुडा घेऊन आला. रंजनीने त्याच्या हातात हिरवा पाला दिला आणि जुळ्यांपुढे बसवलं. एक धावत येऊन खाऊ लागली. दुसरी वासावर आली, त्याच्या गुडघ्याला धडकली, बाजूला सरकली आणि भिंतीवर आपटली.

सुधींद्रने तिला मांडीवर घेऊन तिच्या डोळ्यांसमोर बोटं हलवून पाहिली. तिने पापणीसुद्धा लववली नाही.

"अक्का, मी..."

"नंतर. आधी हे लिही." तिने वही त्याच्यापुढे ठेवली. "तुझ्या हातचं हवं मला."

त्याने नव्या बिल्ल्याचा नंबर लिहिला, औषधाचं नाव लिहिलं, दोनदा पाजलं असं लिहिलं. आंधळी, असंही लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी तो थबकला आणि बऱ्याच विचाराने त्याने लिहिलं: औषधाचा दुष्परिणाम.

रंजनीने त्याच्या हातातलं पेन घेतलं, ते शब्द खोडले आणि वर लिहिलं: फोटो.