नुसता आवाज

चाळीस पावलांवरून घुम्याने लाकडी डाव ताटावर एकदाच आपटला आणि श्वास रोखून पाहत राहिला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीलगत, ठिपकीने भांड्यातून तोंड वर काढलं. तिची शेपूट मागच्या पायांत गेली. दोरीचं टोक ताईच्या हातात होतं. ती दोरीही एकदम ताणली गेली आणि मग हळूहळू सैल पडली.

"खायला लागली पुन्हा," ताईने ओरडून सांगितलं.

घुम्याने खिशातून वही काढली. चाळीस पावलं. मान वर. शेपूट आत. पुन्हा खाल्लं. त्याचं अक्षर त्याच्यासारखंच होतं, एकाला एक न चिकटणारं, ओळीच्या आत आत राहणारं.

घुम्या हे नाव वडिलांनी ठेवलेलं. चार वर्षांचा होईपर्यंत तो बोललाच नव्हता, आणि बोलू लागला तेव्हाही घरातल्या कुणाला त्याचा फारसा पत्ता लागला नाही. आता तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्याचं काम करत होता. मागच्या खोलीत, फिरत्या चाकासमोर, पाण्याच्या बारीक धारेखाली काच धरून तिची कड उतरवायची. जाडी डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याने ओळखायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवायला मालक त्याला बाहेर बोलावत, तेव्हा दिवसातून आठ-दहा वेळा तो एकच वाक्य बोलत असे. "पहिल्यांदा जमीन वर आल्यासारखी वाटेल. आठवड्यात सवय होईल." ते वाक्य त्याच्या तोंडी इतकं बसलं होतं की ते उच्चारताना आपण बोलतो आहोत असं त्याला वाटतच नसे. चुकीच्या नंबरचीही माणसाला सवय होते, डोकं दुखायचं थांबतं आणि डोळा मात्र बिघडत राहतो, हे त्याला ठाऊक होतं. पण ते कुणी विचारत नसे.

ठिपकी वडिलांची. पांढऱ्या अंगावर तपकिरी शिंतोडे उडवलेली, शिकारी पॉइंटर जातीची कुत्री. वडील आणि त्यांचे एक मित्र, ज्यांना सगळे फौजी म्हणत, शिकारी कुत्र्यांच्या मैदानी चाचण्या बघायला वर्षानुवर्षं जात, आणि आयुष्यात एकदा तरी आपलं कुत्रं तिथे पळवायचं, अशी वडिलांची इच्छा होती. पिल्लू घरी आलं आणि चार महिन्यांत वडील गेले. मागे उरली ती दीड खोलीच्या घरात न मावणारी एक धावण्याची ऊर्मी. पहाटे घुम्या तिला पाच मैल पळवून आणी. तरी दुपारपर्यंत तिने गादीचं पोट फाडलेलं असे, आईच्या एका चपलेचा पट्टा गायब असे, आणि संध्याकाळी तो जिना चढू लागला की तिसऱ्या मजल्यावरून नखांचा पाऊस पडल्यासारखा आवाज येई. फक्त एका क्षणी ती शांत असे. खिडकीच्या कठड्यावर कबूतर बसलं, की पुढचा उजवा पाय दुमडून, मान ताणून, शेपटीची काठी करून ती थिजून उभी राही. त्या वेळी तिच्यात वडिलांचं काहीतरी आहे असं घुम्याला वाटे. काय, ते त्याला सांगता आलं नसतं.

"तिसऱ्या मजल्यावर पॉइंटर पाळणं म्हणजे न्हाणीघरात घोडा बांधणं," फौजी म्हणाले होते. त्यांच्याकडे गावाबाहेर शेत होतं आणि पाच कुत्री. ते हिलाही न्यायला तयार होते. अडचण एकच होती. मैदानात बंदुकीचा बार होतो, आणि ठिपकी आवाजाला भीत होती. कुकरची शिट्टी झाली तरी ती पलंगाखाली जाऊन बसे.

"बाराला भिणारं कुत्रं माझ्या काय कामाचं? तीन आठवडे देतो. खाताना लांबून ताट वाजव, रोज दोन पावलं पुढे ये. पोट भरत असतं ना, मग आवाजाचं काही वाटेनासं होतं. सगळ्या जिवांना सवय होते रे."

तीन आठवड्यांचा हाच हिशोब घरात आणखी एका गोष्टीचाही चालला होता. ताई एक बॅग घेऊन आली होती, ती ठिपकीला बघायला म्हणून. आईने शेजारी सांगितलं, विश्रांतीला आली आहे. भाऊजींचा फोन आला, तेव्हा आईने स्वतःच तारीख ठरवून टाकली: रविवारी अकराला या, घेऊन जा. फौजींचा रविवारही तोच होता, सकाळी आठचा.

भाऊजींनी ताईवर कधी हात उचलला नव्हता. हे आई पुन्हापुन्हा सांगे, जणू एखादं प्रमाणपत्र वाचून दाखवावं तसं. ते ओरडत. दार असं लावत की चौकटीतून पोपडे पडत. ताट भिंतीवर जाई, ताईच्या अंगावर नव्हे. दोन वर्षांपूर्वी ताई पहिल्यांदा आली होती, तेव्हा आईने विचारलं होतं, "आवाजच ना गं नुसता? अंगाला तर हात लावत नाही?" आणि मग बॅग घेऊन तिला पोचवायला घुम्याच गेला होता. तिच्या घराच्या पायरीशी ती जरा थांबली. काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला होता, "होईल सवय, ताई."

तिने मान हलवली होती आणि बॅग त्याच्या हातातून घेतली होती.

त्या दिवसानंतर घुम्याला ते आठवलं नव्हतं, असं नाही. पण आठवण आली की तो चाकावर काच जरा जास्त जोराने दाबी.

तीस पावलं. मान वर नाही. कान मागे. बावीस पावलं. कान मागे. शेपूट खाली, आत नाही. ताई रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर मैदानात येई. घरात बसून आईची तोंडं बघण्यापेक्षा बरं, म्हणे. सुरुवातीला ताट वाजलं की ठिपकीच्या आधी दोरीच हलत असे. घुम्याला ते दिसे, पण वहीत ते लिहायला रकाना नव्हता. चौदाव्या पावलाच्या सुमाराला दोरी हलायची थांबली, तेव्हा त्याला मनातून बरं वाटलं. एका दगडात, असं काहीसं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याने ते तिथेच सोडून दिलं.

शुक्रवारी तो चार पावलांवर होता. ताट वाजलं. ठिपकीचं तोंड भांड्यात, जबडा हलतोय, शेपूट सरळ.

ताईने त्याच्या हातातली वही ओढून घेतली. "बघू तरी, काय लेखन चाललंय साहेबांचं." तिने पानं उलटली. "शेपूट स्थिर. पुन्हा शेपूट स्थिर. हे चांगलं का रे?"

"हो."

"आणि माझं काय लिहिलंस?"

तो लाजून हसला. तीही हसली, पण वही परत देताना तिने ती क्षणभर धरून ठेवली.

"घुम्या, सवय होते म्हणजे नक्की काय होतं? भीती जाते, की दाखवायची नाही एवढं कळतं?"

त्याने ठिपकीकडे पाहिलं. ती भांड्यावर वाकलेली होती. "खातेय ना," तो म्हणाला.

रविवारी सकाळी फौजी मैदानात वेळेआधीच येऊन उभे होते. बुटांना पॉलिश, डोक्यावर टोपी, हातात शर्यत सुरू करायचं छोटं पिस्तूल.

"काय गं पोरी, तू पण? छान. बापाला आवडलं असतं." त्यांनी पिस्तूल उघडून दाखवलं. "घाबरायचं नाही बरं का. आत गोळी नसते. नुसता आवाज."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "आई पण हेच म्हणते."

फौजींना यात काय विनोद होता ते कळलं नाही, पण ते मोठ्याने हसले.

घुम्याने भांडं खाली ठेवलं. ठिपकी खाऊ लागली. ताईने दोरी धरली. फौजी दहा पावलं मागे गेले, हात आकाशाकडे केला आणि बार काढला.

तो आवाज ताटासारखा नव्हता. गिरणीच्या भिंतीवर आपटून तो परत आला, आणि छपरावरून शंभरेक कबुतरं एकाच वेळी उठली. त्यांच्या पंखांची सावली मैदानावरून, भांड्यावरून, ठिपकीच्या पाठीवरून सरकत गेली.

ठिपकी हलली नाही. जबडा हलत होता. शेपूट सरळ होती.

"वा!" फौजी ओरडले. "झाली की सवय! अरे घुम्या, तू तर छुपा उस्ताद निघालास! पुढच्या रविवारी गाडी घेऊनच येतो."

घुम्या कबुतरांकडे पाहत होता. ती अजून वर गिरक्या घेत होती. ठिपकीने एकदाही मान वर केली नव्हती. एका कबुतरासाठी खिडकीत तासभर पाय दुमडून उभी राहणारी ठिपकी.

ताई तिच्यापाशी गुडघ्यांवर बसली. तिने एक हात ठिपकीच्या बरगड्यांवर ठेवला आणि दुसरा हनुवटीखाली धरला. काही वेळाने ठिपकीने तोंड उघडलं. न चावलेला, ओला, अख्खा घास ताईच्या तळहातावर पडला. मग आणखी एक.

"गिळतच नाहीये ती," ताई म्हणाली. "नुसतं तोंड हलवतेय."

"गिळेल, गिळेल," फौजी पिस्तूल पुसत म्हणाले. "इतकं बारीक बघायचं नसतं."

परत येताना ठिपकी दोरी ओढत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ती घुम्याच्या पायाला पाय लावून चालली. असं चालायला शिकवण्यासाठी त्याने आठ महिने घालवले होते. कोपऱ्यावरच्या नळाशी ताईने हात धुतला, बराच वेळ धुतला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती म्हणाली,

"एक सांगू? इतक्या जणांनी मला इतकं समजावलं. जायचंय का, हे कुणी विचारलं नाही. तू पण नाही."

त्याने मान वर केली. पण तोवर ती पुढे गेली होती.

भाऊजी आले होते. इस्त्रीचा शर्ट, टेबलावर फळांची पिशवी, आवाज मऊ. आई त्यांच्यासमोर खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. ताईची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. ती आईनेच भरली असणार, कारण चेन टोकापर्यंत नीट लावलेली होती.

"काय घुम्या," भाऊजी म्हणाले, "अजून तोंड उघडलं नाहीस का रे? की कुत्र्याशीच बोलतोस सगळं?"

आई हसली. घुम्या भिंतीला टेकून उभा राहिला. ठिपकी त्याच्या पायाशी आडवी झाली. ताईने आतून चहा आणला. भाऊजींचा कप त्यांच्यापुढे ठेवला, आणि स्वतःची कपबशी हातात घेऊन खिडकीपाशी उभी राहिली.

आई म्हणाली, जेवूनच जा. भाऊजी म्हणाले, नको, उशीर होतो. आई पुन्हा म्हणाली, असं कसं, दोन घास तरी. भाऊजी हसत होते. हसता हसताच त्यांचा तळहात टेबलावर आपटला.

"नको म्हटलं ना!"

कप उडाला, चहा बशीत सांडला, पिशवीतून एक फळ गडगडत जमिनीवर गेलं. लगेच त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. "अहो, गाडी चुकेल, म्हणून म्हणतो." आईही घाईने म्हणाली, "खरंच की, गाडी चुकेल."

दचकला तो फक्त घुम्या. त्याची पाठ भिंतीवर आपटली होती. त्याने खाली पाहिलं. ठिपकीचे डोळे उघडे होते, कान पडलेले, अंगावरचा एक केस हललेला नव्हता. त्याने वर पाहिलं. खिडकीपाशी ताई उभी होती, हातात कपबशी. कपातल्या चहावर उजेडाचा एक चौकोन पडला होता. तो अगदी स्वच्छ होता. एकही तरंग नव्हता.

वहीत त्याने हेच लिहिलं होतं. एकवीस दिवस.

तो दाराशी गेला आणि बॅग उचलली.

"जपून रे," आई सुटल्यासारखी म्हणाली. "जिन्यात अंधार असतो."

घुम्या जिन्याकडे वळला नाही. बॅग घेऊन तो आतल्या खोलीत गेला, स्टुलावर चढला, आणि ती कपाटाच्या वर, अगदी मागे, भिंतीला लागेपर्यंत सरकवून ठेवली. बाहेर बोलणं थांबलं होतं. तो परत आला तेव्हा सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्याला माणसांनी असं पाहिलेलं सहन होत नसे. त्याने नजर ताईच्या हातांवर ठेवली.

"ताई," तो म्हणाला. आवाज फुटला, म्हणून त्याने पुन्हा सुरुवात केली. "ताई, जायचंय तुला?"

 मग खोलीत एक बारीक, किणकिणणारा आवाज सुरू झाला. ठिपकीने मान वर करून कान टवकारले. ताईच्या हातात बशीवरचा कप थरथरत होता.