दगडाच्या उजव्या कडेला

बुधवारी तिसऱ्या तासाला नववी ‘ब’मध्ये अण्णांचा आवाज सुरू झाला, की कालिंदी शेवटच्या बाकामागे जाऊन भिंतीला टेकायची. हातात प्रोजेक्टरचा रिमोट. अण्णा म्हणजे तिचे वडील. उचगावच्या याच शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवून ते फेब्रुवारीत गेले. लॉकडाऊनमध्ये त्यांनी मुलांसाठी सेहेचाळीस व्हिडिओ केले होते. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी कालिंदीला बोलावलं. “तुम्ही एमएस्सी फिजिक्स, विज्ञान बघताच आहात. इतिहासाचे तासही तुम्हीच घ्या. शिकवायचं काही नाही, अण्णा आहेतच. लावायचं फक्त.”

ती लावायची. पहिल्या दिवशी मागे येऊन उभ्या राहिलेल्या दोन शिक्षिकांनी डोळे पुसले. कालिंदीच्या लक्षात आलं, की डाव्या स्पीकरचा आवाज कमी येतोय. सहा महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. नातेवाइकांनी त्याला खंबीरपणा ठरवून टाकलं होतं. तिला स्वतःला ते दात काढताना बधिर केलेल्या हिरडीसारखं वाटायचं. बोट लावलं तर बोट कळतं, हिरडी कळत नाही.

चौदावा व्हिडिओ मारुतीच्या देवळाशेजारच्या वीरगळाचा. लढाईत पडलेल्या कुणाच्या आठवणीसाठी उभा केलेला कमरेएवढा दगड. गावाने वर्षानुवर्षं शेंदरी ऑइलपेंट चढवून त्याचा देव केलेला. त्यापुढे उभे राहून अण्णा म्हणतात, “हा वीर एकटा लढला आणि एकटाच गेला.” वाक्य साऱ्या गावाला पाठ होतं. येत्या पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायत तिथे फलक लावणार होती. फलकावर हे वाक्य, खाली क्यूआर कोड. मोबाइल धरला की शाळेच्या वेबसाइटवरचं पान उघडणार आणि अण्णा बोलू लागणार. अनावरण आईच्या हस्ते.

त्या पानावर दगडाचं थ्रीडी मॉडेलही असावं, म्हणून कालिंदीने ते काम वर्गाला दिलं. सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे आणि एका फुकटच्या ॲपमध्ये टाकायचे. मोनाने एकशे चाळीस फोटो काढले. पेंटच्या चकाकीने मॉडेलवर डाग पडत होते, म्हणून तिने रंगच काढून टाकला आणि नुसता आकार ठेवला.

“मॅडम, हिनं देव राखाडी केला!” राजवीर ओरडला. “आता गाव हिला राखाडी करतंय बगा.”

“गप रं. मॅडम, उजवी कड बगा.”

कालिंदीने स्क्रीनवरचा उजेड तिरका केला. दगडाच्या उजव्या कडेला एक खांब दिसू लागला, आणि खांबातून निघालेला हात. कोपरात वाकलेला, पंजा वर. मनगटावर चार बारीक कडा. बांगड्या. तिने एका संग्रहालयाची वेबसाइट उघडली. असेच तीन हात सापडले आणि तिन्हींखाली एकच शब्द होता, सतीशिळा. नवऱ्यामागे चितेवर गेलेल्या बाईची खूण.

“मग ह्यो एकटा कुटं गेला?” मोना म्हणाली. “अण्णासर चुकले व्हय?”

राजवीरसकट सगळे कालिंदीच्या चेहऱ्याकडे बघू लागले, तिथे काय होतंय ते. तिथे काहीच झालं नाही.

“मॉडेलही चुकू शकतं,” ती म्हणाली. “दगड बघू.”

शाळा सुटल्यावर ती मोनाला घेऊन गेली. चिमणाबाई देवळापुढे झाडत होत्या. दगडाला दर वर्षी पेंट त्याच द्यायच्या. कालिंदीने कडेवरून बोटं फिरवली. रंगाखाली चार उंचवटे लागले.

“हात हाय त्यो,” झाडू न थांबवता चिमणाबाई म्हणाल्या. “बाईचा. लगीन झालेल्या पोरी हितं बांगड्या ठेवत्यात.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“समद्या बायकास्नी म्हाईत हाय.”

“मग अण्णांना कधी सांगितलं नाही?”

“त्यांनी इचारलं कुटं? सर बोलायचे, आमी ऐकायचो. लई ग्वाड बोलायचे की.”

मोना फिस्सकन हसली आणि पटकन तोंडावर हात ठेवला.

घरी आई गवारी मोडत बसली होती आणि शेजारी मोबाइलवर अण्णा. रोज एक व्हिडिओ. शेवटचा झाला की पुन्हा पहिल्यापासून. कालिंदीने घडलं ते सांगितलं. ती सांगत होती तेव्हा अण्णाही बोलतच होते.

“कार्यक्रम चार दिवसांवर आलाय,” आई म्हणाली. “नंतर सांगितलं असतंस तर?”

“तोवर वाक्य दगडाशेजारी लागेल. मुलं तेच पाठ करतील.”

“करू देत की. एक वाक्य. गेलेल्या माणसाचं.” आईने हातातली शेंग खाली ठेवली. “मला तुझीच भीती वाटते गं. तुला काहीच होत नाही का?”

कालिंदीने खरोखर शोधून पाहिलं, मीटरवरचा आकडा बघावा तसं.

“नाही,” ती म्हणाली.

आई गवारी तशीच ठेवून आत गेली.

सरपंच आकाराम तर उडालेच. “फलक छापून आलाय की मॅडम! तुमच्याच वडलांचं वाक्य, आन् तुमीच काढा म्हणताय?”

“हो.”

“अण्णांनी माझा कान पिरगाळला असता.”

“माझाही. पण आधी दगड बघायला आले असते.” याची तिला खात्री नव्हती, तरी ती म्हणाली.

फलक लागला तेव्हा वाक्यावर पांढरी पट्टी होती, जराशी तिरकी. कोड धरला की आधी मोनाचं मॉडेल यायचं, मग त्या हाताबद्दल सांगणारा चिमणाबाईंचा आवाज, आणि सगळ्यात खाली अण्णांचा व्हिडिओ, न कापता. “आगं, मोबाइलात गेलीस की तू!” म्हणत बायका चिमणाबाईंना चिमटे काढत होत्या. आईने पडदा ओढला, हात जोडले. मग कालिंदीसाठी न थांबता ती घराकडे निघाली.

पुढच्या बुधवारी कालिंदी फळ्यापाशी उभी राहिली. रिमोट कपाटातच होता. “त्या दगडाबद्दल गावात आणखी कुणाला विचारायचं राहिलंय?”

नावं येत गेली. राजवीरची आजी. बांगड्या विकणारी आक्का. सहा झाली.

“मॅडम,” मोना म्हणाली, “अण्णासर तर दगडापुढं हुबे हायत. मग व्हिडिओ कुणी काढला?”

“माझ्या आईनं.”

“मग त्यांनी हात बगितला असंल की. इचारलं?”

कालिंदीने सहा नावांखाली लिहिलं, ‘आई’.

संध्याकाळी कालिंदीने विचारलं तेव्हा आई कणीक मळत होती.

“बघितला होता,” ती म्हणाली. “मोबाइलमध्ये नीट दिसत होता. ऊन तिरकं होतं ना. म्हटलं, थांबवावं आणि सांगावं. तेवढ्यात ते वाक्य म्हणाले. इतकं छान म्हणाले, की मग राहूच दिलं.”

कालिंदीने ओट्यावर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. “हे परत सांगशील?”

“नाव टाकणार माझं?”

“टाकू?”

आईने हाताची कणीक सोडवली, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले.

“टाक,” ती म्हणाली.